परसबागेतील बियाण्याचे प्रमाण

परसबागेतील बियाण्याचे प्रमाण म्हणजे घराच्या आवारात कुटुंबाच्या रोजच्या वापरासाठी भाजीपाला पिकवताना प्रत्येक भाजीचे किती बी पेरावे, याचा अंदाज होय. शेतातील पिकांसाठी हे प्रमाण एकरी किंवा हेक्टरी वजनात सांगितले जाते. वांग्यासाठी हेक्टरी सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम बी लागते. याच प्रमाणाने पाच चौरस मीटरच्या वाफ्याला पाव ग्रॅम बी पुरते, आणि इतके वजन घरच्या तराजूवर मोजता येत नाही. म्हणून परसबागेत हा हिशोब उलट दिशेने करतात. प्रथम कुटुंबाची गरज ठरवतात, गरजेवरून झाडांची संख्या आणि झाडांवरून बियांची संख्या काढतात. वजनाऐवजी मोजणी हे या हिशोबाचे वैशिष्ट्य आहे.

## कुंडल परिसरातील परसबाग

कुंडल हे सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील गाव असून ते पूर्वी औंध संस्थानात होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी वसवलेली किर्लोस्करवाडी या गावाजवळच आहे; तेथील रेल्वे स्थानकाचे जुने नाव ‘कुंडल रोड’ असे होते. कृष्णेच्या पाण्यावर या परिसरात ऊस, द्राक्षे आणि हळद ही नगदी पिके घेतली जातात. शेताचा मोठा भाग या पिकांखाली असल्याने घरच्या ताटातील भाजी बांधावर, गोठ्याशेजारी किंवा परड्यात पिकवण्याची रीत आहे.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने कमी होतो. साताऱ्यात महाबळेश्वर आणि माण, तर सांगलीत शिराळा आणि जत, ही या फरकाची दोन टोके आहेत. कुंडल या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात, पर्जन्यछायेच्या बाजूस येते. त्यामुळे एका गावात योग्य ठरलेले बियाण्याचे प्रमाण पन्नास-साठ किलोमीटरवरील दुसऱ्या गावात जसेच्या तसे लागू पडत नाही.

परसबागेची पारंपरिक मांडणी पाण्याच्या सोयीने ठरते. न्हाणीच्या व मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ लावतात. दोडका, दुधी भोपळा, कारले, घेवडा हे वेल मृग नक्षत्रात, म्हणजे ७ जूनच्या सुमारास, कुंपणाच्या कडेला आळे करून टोकतात आणि कुंपणावर, मांडवावर किंवा गोठ्याच्या छपरावर चढवतात. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा यांचे छोटे वाफे पावसाळा ओसरल्यावर करतात. वांगी, मिरची आणि टोमॅटो यांची रोपे आधी गादीवाफ्यावर तयार करून नंतर त्यांची लावण केली जाते.

## प्रमाण चुकल्याचे परिणाम

बियाण्याचे पाकीट व्यापारी शेती डोळ्यांसमोर ठेवून भरलेले असते. वांग्याच्या दहा ग्रॅमच्या पाकिटात दोन हजारांहून अधिक बिया असतात. त्यांतील निम्म्या बियांची लावणयोग्य रोपे झाली, तरी ९० × ७५ सेंटिमीटर अंतराने त्यांना सुमारे सात गुंठे जागा लागेल. पाच माणसांच्या कुटुंबाला मात्र वांग्याची आठ झाडे पुरतात.

बी वाया जाऊ नये म्हणून पाकीट संपूर्ण पेरण्याचा मोह होतो. दाट पेरणीत रोपे उजेडासाठी वर धावतात, त्यांचे देठ बारीक राहतात आणि हवा न खेळल्यामुळे जमिनीलगत रोपे कोलमडण्याचा रोग पसरतो. विरळणी केली नाही तर मुळा पोसत नाही, भेंडीला फांद्या फुटत नाहीत. झाडे जगलीच, तर सगळे पीक एकाच वेळी काढणीला येते. शंभर मुळे एकाच आठवड्यात तयार झाले तर त्यांतील बहुतेक जून होऊन फुकट जातात, आणि पुढील महिनाभर त्याच घरात भाजी विकत आणावी लागते. वाया गेलेल्या प्रत्येक झाडाने पाणीही घेतलेले असते, आणि कमी पावसाच्या भागात हे नुकसान बियाण्याच्या किमतीपेक्षा मोठे असते.

उलट मोजकेच बी पेरले तर वाफ्यात नांगे पडतात. नांगे भरण्यासाठी उशिरा टोकलेली झाडे मोठ्या झाडांच्या सावलीत मागे राहतात.

## हिशोबाचे घटक

### गरज

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत प्रत्येक व्यक्तीने दररोज किमान ३०० ग्रॅम भाज्या खाव्यात, असे सांगितले आहे. त्यांत ५० ग्रॅम पालेभाज्या, २०० ग्रॅम इतर भाज्या आणि ५० ग्रॅम कंदमुळे, अशी विभागणी आहे. पाच माणसांच्या कुटुंबासाठी ही गरज रोज दीड किलो, म्हणजे वर्षाला सुमारे साडेपाच क्विंटल होते. लहान परसबागेतून ती पूर्ण भागत नाही. म्हणून कोणती भाजी आठवड्यातून किती वेळा शिजते, हे पाहून मोजक्या भाज्या निवडतात. घरात न खाल्ल्या जाणाऱ्या भाजीचे प्रमाण शून्य, हा या हिशोबाचा पहिला नियम मानता येईल.

### जागा

एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. बहुतेक परसबागा याहून लहान असतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला लागणाऱ्या जागेने उपलब्ध क्षेत्राला भागले, की झाडांची कमाल संख्या मिळते. गरज कितीही असली तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

### पाणी

एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे एक लिटर पाणी. कडक उन्हाळ्यात जमीन व पाने यांवाटे दररोज सुमारे पाच ते सात मिलिमीटर पाणी उडून जाते. म्हणजेच दहा चौरस मीटरच्या बागेला रोज ५० ते ७० लिटर, साधारण चार-पाच बादल्या पाणी लागते. एप्रिल-मे महिन्यांत इतके पाणी देणे शक्य नसेल, तर पेरणीचे क्षेत्र आधीच कमी करणे इष्ट ठरते. दहा मीटरभर झाडे अर्धपोटी ठेवण्यापेक्षा चार मीटरमधील झाडे नीट जगवल्यास उत्पन्न अधिक येते.

### उगवण आणि जगणे

पेरलेली प्रत्येक बी उगवत नाही आणि उगवलेले प्रत्येक रोप फळापर्यंत पोहोचत नाही. बियाणे अधिनियम, १९६६ नुसार अधिसूचित वाणांच्या पाकिटावर उगवणीची टक्केवारी, शुद्धता आणि चाचणीची तारीख छापणे बंधनकारक आहे. प्रमाणित बियाण्याची वैधता प्रथमतः चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने असते. पाकिटावरील आकडा बहुधा कायद्याने ठरवलेली किमान मर्यादा असतो. ताज्या बियाण्याची प्रत्यक्ष उगवण त्याहून बरीच जास्त असू शकते.

प्रमुख भाज्यांची सर्वसाधारण माहिती पुढीलप्रमाणे आहे.

| भाजी | एका ग्रॅममधील बिया (सुमारे) | किमान उगवण (टक्के) | पेरणीची पद्धत |
|---|---|---|---|
| वांगी | २००–२५० | ७० | रोपे करून लावण |
| टोमॅटो | ३००–४०० | ७० | रोपे करून लावण |
| मिरची | १५०–२०० | ६० | रोपे करून लावण |
| भेंडी | १५–२० | ६५ | टोकण |
| गवार | २५–३५ | ७० | टोकण |
| मेथी | ५०–७० | ७० | ओळीत किंवा फेकून |
| कोथिंबीर | ७०–१०० | ६५ | ओळीत, धने रगडून |
| मुळा | ८०–१२० | ७० | ओळीत, नंतर विरळणी |
| काकडी | ३०–४० | ६० | आळ्यात टोकण |
| दुधी भोपळा | ५–८ | ६० | आळ्यात टोकण |

चिमूट किंवा मूठ ही मापे परसबागेत सर्रास वापरली जातात. परंतु माठाच्या एका ग्रॅममध्ये हजाराहून अधिक बिया मावतात, तर दुधीच्या जेमतेम सात-आठ. त्यामुळे एकाच मापाने सर्व भाज्या मोजता येत नाहीत. काही भाज्यांत ‘बी’ दिसते ते प्रत्यक्षात फळ असते. धन्याचा एक दाणा रगडला की त्याच्या दोन डाळी होतात आणि प्रत्येकीतून एक रोप येऊ शकते. पालकाच्या खडबडीत दाण्यात एकापेक्षा जास्त बिया चिकटलेल्या असल्याने एका दाण्यातून दोन-तीन रोपे फुटतात. या दोन्ही भाज्यांत मोजणी करताना हे लक्षात ठेवावे लागते.

## सूत्र आणि उदाहरणे

बियांची संख्या काढण्याचे साधे सूत्र असे:

बियांची संख्या = हवी असलेली झाडे ÷ (उगवणीचा अंश × जगण्याचा अंश)

भेंडी: पाच माणसांच्या घरात आठवड्याला एक किलो भेंडी लागते आणि तोडा आठ आठवडे चालतो, असे धरल्यास एकूण गरज आठ किलो होते. एका झाडापासून हंगामात सरासरी १५० ग्रॅम भेंडी मिळाल्यास सुमारे ५४ झाडे हवीत. ४५ × २० सेंटिमीटर अंतराने त्यांना जवळजवळ पाच चौरस मीटर जागा लागते. उगवण ६५ टक्के आणि उगवलेल्यांपैकी जगणारी झाडे ८५ टक्के धरली, तर ५४ ला ०.६५ व ०.८५ यांच्या गुणाकाराने भागून ९८ बिया येतात. वजनात हे बी सहा ग्रॅमच्या आत बसते. घरच्या चाचणीत उगवण ९० टक्के आढळली, तर हाच आकडा ७१ वर येतो.

वांगी: आठवड्याला एक किलो वांगी, चौदा आठवडे तोडा आणि झाडामागे दोन किलो उत्पन्न धरल्यास सात झाडे पुरतात, एक झाड जास्तीचे धरून आठ. उगवण ७० टक्के आणि वाफ्यापासून लावणीपर्यंत टिकणारी रोपे ७५ टक्के धरल्यास १६ बिया लागतात. मांजरी गोटा असो वा कृष्णाकाठची वांगी असोत, हिशोबाची रीत हीच राहते. वाणानुसार केवळ झाडामागील उत्पन्न आणि दोन झाडांतील अंतर बदलते.

मेथी: मेथी उपटून काढली जाते, म्हणून येथे झाडांऐवजी क्षेत्रावरून प्रमाण ठरवतात. एक चौरस मीटरच्या वाफ्यातून देठांसह पाऊण किलोच्या आसपास मेथी मिळते आणि ती पाच माणसांच्या एका वेळच्या भाजीला पुरते. त्यासाठी सुमारे चार ग्रॅम बी लागते.

## सरासरी आणि खात्री

वरील सूत्र सरासरीवर आधारलेले आहे. पन्नास-शंभर झाडांच्या वाफ्यात सरासरी बहुधा खरी ठरते. मोजक्या झाडांच्या बाबतीत ती फसवते. वांग्याच्या १६ बियांपासून सरासरीने आठ रोपे मिळतात, पण प्रत्यक्षात तीनपैकी एका वेळी आठपेक्षा कमी रोपे हाती लागण्याची शक्यता असते. बिया २४ घेतल्यास ही शक्यता पन्नासात एक इतकी घटते. म्हणून झाडे दहाच्या आत हवी असतील, तर सूत्राने आलेल्या संख्येच्या दीडपट बी घेणे सुरक्षित मानले जाते.

वेलवर्गीय भाज्यांच्या एका आळ्यात तीन-चार बिया टोकण्याच्या जुन्या प्रथेमागेही हेच गणित आहे. उगवण ६० टक्के असेल, तर आळ्यात एकच बी टोकल्यास ते रिकामे राहण्याची शक्यता ४० टक्के असते. दोन बियांनी ती १६ टक्के, तीन बियांनी सुमारे ६ टक्के आणि चार बियांनी अडीच टक्क्यांच्या आसपास येते. पाचवी बी टोकून फारसा फायदा होत नाही. उगवल्यानंतर जोमदार एक-दोन वेल ठेवून बाकीचे काढून टाकतात. ते उपटण्याऐवजी नखाने खुडल्यास शेजारच्या वेलाच्या मुळांना धक्का लागत नाही.

हे गणित प्रत्येक बीचे भवितव्य स्वतंत्र आहे, असे मानून केलेले असते. परसबागेत नेहमी तसे घडत नाही. एका रात्रीत गोगलगायी सगळी कोवळी रोपे खाऊन टाकतात. एका जोरदार सरीने वाफ्यावर पापडी धरली, की शंभरांतील नव्वद बिया आतच राहतात. कोंबड्या वाफा उकरतात. अशा संकटात दुप्पट बी पेरूनही उपयोग होत नाही, कारण ते सर्व एकाच वेळी नष्ट होते. त्यामुळे जास्तीचे बी वाफ्यात टाकण्यापेक्षा डबीत राखून ठेवणे आणि आठ-दहा दिवसांनी दुसरा पेरा करणे अधिक हिताचे ठरते. पहिला मृग कोरडा गेल्यास हे राखलेले बीच घराच्या उपयोगी पडते.

## टप्प्याटप्प्याने पेरणी

पालेभाज्या आणि मुळा यांची काढणी थोड्या दिवसांत उरकावी लागते. म्हणून त्यांचे एकूण बी हंगामातील आठवड्यांत विभागून पेरतात. मेथी साधारण तीस दिवसांत काढणीस येते. दर आठवड्याला एकदा मेथी हवी असल्यास एक चौरस मीटरचे पाच वाफे करून दर आठवड्याला एक वाफा पेरतात. पाचवा पेरल्यानंतर पहिला रिकामा झालेला असतो. अशा रीतीने पाच चौरस मीटर जागेत आणि आठवड्याला चार ग्रॅम बियाण्यात हिवाळाभर मेथी मिळत राहते. हेच वीस ग्रॅम बी एका दिवशी पेरल्यास पाच आठवड्यांची मेथी एकाच आठवड्यात तयार होते.

वांगी, मिरची, भेंडी आणि वेलभाज्या यांचा तोडा दीर्घकाळ चालत असल्याने त्यांना इतके टप्पे लागत नाहीत. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन पेरे पुरतात.

## घरगुती उगवण चाचणी

बियाणे जुने असेल किंवा घरचे असेल, तर पेरणीपूर्वी चाचणी घेतल्यास प्रमाण अचूक ठरवता येते. ओल्या गोणपाटाच्या किंवा सुती फडक्याच्या तुकड्यावर मोजून बिया ओळीने मांडतात, फडके गुंडाळून सावलीत ठेवतात आणि ओल टिकवतात. मेथी व मुळा तीन-पाच दिवसांत, भेंडी आठवडाभरात, तर वांगी व मिरची एक ते दोन आठवड्यांत मोड दाखवतात. निरोगी मोड आलेल्या बिया मोजून टक्केवारी काढतात.

प्रयोगशाळेत ही चाचणी शंभर-शंभर बियांच्या चार गटांवर घेतली जाते. घरी इतके बी खर्च करणे परवडत नाही, परंतु नमुना लहान असल्यास निष्कर्ष ढोबळ राहतो. वीसपैकी १४ बिया उगवल्यास उगवण ७० टक्के दिसते. प्रत्यक्षात ती सुमारे ५० ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. त्यामुळे शक्य असल्यास ५० बिया घेतात, आणि थोड्या बियांवर आलेला आकडा हिशोबात काहीसा कमी धरतात.

## उरलेल्या बियाण्याची साठवण

प्रमाणशीर पेरणी केल्यावर पाकिटातील बरेच बी उरते. कांद्याच्या बियाण्याची उगवणशक्ती सामान्य तापमानात वर्षभरातच घसरते. टोमॅटो, वांगी आणि वेलभाज्यांचे बी नीट ठेवल्यास काही वर्षे टिकते. बियांतील ओलावा एका टक्क्याने कमी केल्यास किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरवल्यास बियांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा बीजशास्त्रात वापरला जातो. म्हणून बी सावलीत पूर्ण वाळवून हवाबंद डबीत, थंड व कोरड्या जागी ठेवतात. ग्रामीण घरांत बी राखेत मिसळून मडक्यात ठेवण्याची, तसेच दोडका व दुधी वेलावरच वाळवून चुलीच्या वर आढ्याला टांगण्याची पद्धत आहे. राख ओलावा शोषते, धुरामुळे किडी दूर राहतात.

पाकिटातील रंगीत बियांना बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते. असे उरलेले मेथी-धने स्वयंपाकात वापरणे धोक्याचे असते. याउलट स्वयंपाकघरातील धने व मेथी पेरता येतात. मात्र ते किती जुने आहेत हे ठाऊक नसल्याने त्यांची उगवण चाचणी घ्यावी लागते.

## घरचे बी आणि देवाणघेवाण

मेथी, चवळी, गवार, घेवडा आणि टोमॅटो यांत बहुतांशी स्वपरागीभवन होते. त्यामुळे मोजक्या झाडांपासून घरी धरलेले बी मूळ वाणाशी जुळते राहते. मुळा, कांदा, पालक आणि वेलभाज्या यांत परपरागीभवन होते. शेजारच्या वाणाशी त्यांचा सहज संकर होतो. मुळा व कांदा यांचे बी एक-दोन झाडांवरूनच धरत राहिल्यास पुढील पिढ्यांचा जोम घटतो, म्हणून त्यांची अधिक झाडे बियाण्यासाठी राखावी लागतात. संकरित वाणाच्या फळांतील बी पेरल्यास पुढील पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत.

बियाण्यासाठी राखलेल्या झाडांची जागा आणि त्यांवरील खाण्याचे न मिळणारे उत्पन्न आरंभीच्या हिशोबात धरावे लागते. दुधीचे एक फळ बियाण्यासाठी वेलावर वाळू दिल्यास त्यातून शेकडो बिया मिळतात. एका कुटुंबाला वर्षाला दहाही लागत नाहीत. उरलेले बी शेजारीपाजारी, माहेरी-सासरी वाटण्याची प्रथा याच विपुलतेतून रुजली आणि तिच्यामुळे गावोगावचे वाण टिकून राहिले. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी अशाच गावरान वाणांची बीजबँक उभी केली. त्यांना २०२० साली पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. एखाद्या घरचे पीक बुडाले तरी वाटलेले बी शेजारच्या डबीत शिल्लक राहते, म्हणून बियाण्याचे प्रमाण ठरवताना पेरायचे, राखायचे आणि वाटायचे, असे तीन भाग करण्याची पद्धत उपयुक्त ठरते.